फुलीखालचा चेहरा

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. जुना म्हणजे इतका, की आता पाण्यात बुडवलं तरी माझा एक केस हलत नाही. न्यूअर्क शहरातल्या एका वाचनालयात चित्रकलेची खोली आहे, तिथे खिडकीजवळच्या काचेच्या ग्लासात मी उभा असतो. नवे ब्रश शेजारी येतात, चार दिवस मिरवतात आणि टोक फुटलं की जातात. मी मात्र आहे तिथेच आहे. असं का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

थंड मुलखातल्या, मुंगसासारख्या एका प्राण्याच्या शेपटीचे केस एका बाईनं निवडून माझ्यात बांधले. तिनं कात्री लावली नाही. चांगल्या ब्रशचं टोक कापून करत नाहीत, केस जुळवता जुळवता ते आपोआप यावं लागतं. मग मी दुकानात आलो. तिथे एक दिवस सॅल ब्रुनेटी आला आणि त्यानं दुकानदाराकडे पाण्याचा ग्लास मागितला. एकेक ब्रश बुडवून तो मनगटाला झटका द्यायचा आणि टोक पाहायचा. माझ्या अकरा भावांना त्यानं नापास केलं. माझी पाळी आली तेव्हा माझे सगळे केस सुईसारखे एकत्र आले. "हा चालेल," सॅल म्हणाला. याहून मोठं कौतुक त्याच्या तोंडून मी पुढे फारसं ऐकलं नाही.

सॅल क्वीन्स नावाच्या वस्तीत राहायचा आणि घरीच काम करायचा. त्याचं काम कॉमिक्सच्या पानांवर शाई चढवायचं. एक जण पेन्सिलीनं चित्र काढतो, दुसरा ते शाईनं पक्कं करतो. शाई वाळली की पेन्सिल खोडून टाकतात. खोडायचं काम सॅलची बायको टेरेसा करायची, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, रेडिओ लावून. पेन्सिलवाल्याला जिथे गच्च काळं हवं असेल तिथे तो बारीकशी फुली मारतो. फुली दिसली की शाईवाल्यानं काही विचारायचं नाही, भरून टाकायचं. धंद्याची रीतच तशी.

सॅलच्या कॉमिक्सचा नायक होता राखी बगळा. करड्या झग्याचा, लांब पायांचा, बंदरावर तासन् तास वाट पाहत उभा राहणारा. बावीस वर्षं सॅलनं त्याच्यावर शाई चढवली. मी आलो आणि बगळ्याचे डोळे माझ्याकडे आले. टोक नीट व्हावं म्हणून सॅल मला ओठांत धरायचा, त्यामुळे त्याच्या कॉफीची आणि बडीशेपेच्या बिस्किटांची चव मला पाठ आहे. तेव्हा बगळ्यानं ठोसा मारला की चोराच्या डोक्याभोवती तारे फिरायचे, आणि पुढच्या पानावर तोच चोर पोलिसांच्या गाडीत टोपी सारखी करत बसलेला असायचा. "इतकी वर्षं मारतोय, अजून एकाचाही दात पडला नाही," असं सॅल हसून म्हणायचा.

मग माझं टोक फुटलं. चेहरे नव्या ब्रशकडे गेले आणि माझ्याकडे फुल्या आल्या. ज्यानं डोळे काढले त्यानं आता भिंती भरायच्या. फार लागलं मला ते. पण त्याच सुमारास गोष्टीही बदलल्या. वाचक मोठे झाले होते, त्यांना अंधार हवा होता. बगळा हसेनासा झाला, मग चोरांचे हात मोडू लागला. पानोपानी फुल्या वाढल्या, आणि खरं सांगतो मित्रांनो, मला आनंद झाला. जितका अंधार तितकं मला काम. गल्ल्या भरल्या, आभाळं भरली. आपण काय झाकतोय हे मी एकदाही पाहिलं नाही.

असंच एका रविवारी दुपारी एकोणिसावं पान आलं. सोमवारी ते छापखान्यात जायचं होतं. पेन्सिल होती कर्टिस मेबरी या तरुण चित्रकाराची. हॅस्केल नावाचा गुंड दोन्ही हात वर करून गुडघ्यांवर बसलाय आणि बगळा त्याला मारतोय. एकापाठोपाठ सहा चौकटी. बगळ्याचे दात दिसतायत, त्याला मजा येतेय. आणि सहाही चौकटींत हॅस्केलच्या तोंडावर फुली. सॅलनं मला उचललं आणि पहिल्या तीन भरून टाकल्या. तेवढ्यात झालेली पानं न्यायला टेरेसा आली.

"सॅल, थांब. हे काय आहे?"

"सावली. फुली दिसत नाही का?"

"फुलीखाली बघ."

सॅलनं चष्मा वर केला. चौथ्या चौकटीत फुलीखाली अगदी फिक्या पेन्सिलीनं पुरता चेहरा काढलेला होता. वाढलेली दाढी, सुजलेला डोळा, काहीतरी सांगू पाहणारं तोंड.

"तू काळं करणार, मी खोडणार. इथे माणूस होता हे कुणाला कळायचंसुद्धा नाही," टेरेसा म्हणाली.

"माझं काम शाईचं आहे, टेरी. गोष्ट माझी नाही."

"बावीस वर्षं माझा बगळा, माझा बगळा करतोस. आज बरा परका झाला."

सॅलनं मला खाली ठेवलं. मग उठून त्यानं कर्टिसला फोन केला. दीड तासानं कर्टिस आला. टेरेसानं आधी त्याच्यापुढे मॅकरोनीची बशी ठेवली.

"चेहरा काढलास, मग वर फुली कशाला?" सॅलनं विचारलं.

"संपादक म्हणाले, चेहरा दिसला तर वाचक टाळ्या वाजवणार नाहीत."

"आणि तुला काय वाटतं?"

कर्टिसनं काटा खाली ठेवला. "माझ्या भावाला तिघांनी मारलं होतं, बारच्या मागे. त्याचाच चेहरा आहे तो. काढला, पण मग बघवेना. संपादक म्हणाले फुली मार, मला बरंच वाटलं."

"मग मारामारीच नको पोरा. पूर्वीसारखे तारे फिरवू."

"नको, सॅल. तुमच्या त्या ताऱ्यांचाच मला राग येतो. भाऊ पडला तेव्हा लोक हसत उभे होते. त्यांना वाटलं, तुमच्या चोरासारखा उठेल आता."

सॅलचा चेहरा उतरला. ज्या ठोशांचा त्याला अभिमान होता, त्यांच्याबद्दल असं त्याला कुणी बोललं नव्हतं.

"हे पान बदललं तर बगळा माझ्याकडून जाईल," तो शेवटी म्हणाला.

"जाईल," टेरेसा म्हणाली. "कर्टिस, खाऊन घे बाबा, गार होतंय."

सॅलनं नव्या ब्रशकडे हात नेला आणि परत घेतला. त्यानं मला उचललं. फुटक्या टोकाचा ब्रश जवळजवळ कोरडा करून फिरवला की दाढीचे खुंट आणि सोललेली कातडी जशी उमटते, तसं नव्याला कधीच जमत नाही. कित्येक वर्षांनी मी चेहरा काढत होतो. शेवटच्या तीन चौकटींत हॅस्केल उमटला. राहिल्या पहिल्या तीन, ज्या मीच काळ्या केल्या होत्या. सॅलनं मला पांढऱ्या रंगात बुडवलं. तो रंग केसांत मुरला की ब्रश संपला, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं. त्या काळ्यातून एकेक पांढरी रेघ ओढत सॅल चेहरा वर काढू लागला. कर्टिस त्याच्या खांद्यामागे उभा राहून सांगत होता. "डोळा आणखी खाली. हं. असाच होता."

बगळ्याच्या हसण्याला सॅलनं हात लावला नाही. एक दातही कमी केला नाही. फक्त तो कुणाकडे बघून हसतोय, ते आता दिसत होतं.

त्या गडबडीत मला धुवायचं सगळेच विसरले. सोमवारी मी दगड झालो होतो. सॅलनं गरम पाणी केलं, साबण लावला, बोटांनी केस चोळले. "चुकलं रे बाबा," असं तो मला म्हणाला. बावीस वर्षांत कुठल्या ब्रशची त्यानं माफी मागितली असेल असं मला वाटत नाही.

दुरुस्तीला वेळ नव्हता म्हणून पान तसंच छापलं गेलं. पत्रं आली. मजा घालवली, असं बऱ्याच जणांनी लिहिलं. चार महिन्यांत बगळा दुसऱ्या शाईवाल्याकडे गेला. नव्या अंकाचं मुखपृष्ठ सॅल दुकानाच्या काचेतून पाहायचा, आत जायचा नाही. त्याला फार वाईट वाटलं होतं, आणि ते त्यानं टेरेसापासूनही लपवलं नाही. काम बंद केलं तेव्हा त्यानं मला कर्टिसच्या हवाली केलं. कर्टिस आता या खोलीत शिकवतो. इथे मुलांनी हवी ती मारामारी काढावी, हवा तेवढा अंधार भरावा. मात्र ज्याला मार बसतोय त्याच्या तोंडावर फुली मारायची नाही.

मित्रांनो, अंधार काढू नका असं मी कोणत्या तोंडानं सांगू? माझं निम्मं आयुष्य त्यावर निघालं. पण नायकानं कुणाला बदडलं आणि तुम्हाला टाळी वाजवावीशी वाटली, तर आधी मार खाणाऱ्याचा चेहरा शोधा. सापडला नाही तर तो कुणी झाकला ते विचारा. आणि काम झालं की ब्रश लगेच धुवा. मला धुतलं नाही याचं दुःख नाही असं म्हणणार होतो, पण थोडं आहे. दुपारी खिडकीतून ऊन आलं की माझ्या केसांत अडकलेला पांढरा रंग अजून दिसतो. कर्टिसच्या भावाच्या डोळ्यासाठी घेतलेला तो रंग आहे, आणि कर्टिस रोज एकदा माझ्याकडे बघतो.