घासवाल्या महाराजांची पुडी

बेला गावाबाहेर कापूस उपटलेल्या वावरात मंडप घातला होता आणि मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. पाटावर घासवाले महाराज. त्यांच्या हातात दुधात कुस्करलेल्या ज्वारीच्या भाकरीचा घास, आणि समोर नागोराव.

नागोरावांच्या अन्ननलिकेत कॅन्सरची गाठ होती. दोन महिन्यांत त्यांच्या घशाखाली भाकरीचा कण उतरला नव्हता. पाणीसुद्धा चमच्याचमच्यानं प्यावं लागे.

"मशीनच्या बापाले दिसत नाही ते माह्या बोटाले दिसते!" महाराज माइकवर गरजले. "गाठ कायची? मांगच्या जल्मी गिळलेला खोटा शब्द! मी तो घासानं खाली ढकलतो. आ कर!"

नागोरावांनी आ केला. घास तोंडात गेला. त्यांचा गळा दोनदा हलला, डोळ्यांत पाणी आलं, आणि घास उतरला.

मंडप दणाणला. लोक पाया पडायला धावले, शेपन्नास मोबाइल वर झाले. नागोरावांच्या बायकोला, जयवंताबाईंना रडू आवरेना. आणि मागे उभी असलेली त्यांची मुलगी सुनयना, आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात औषधं देणारी, असल्या गोष्टींवर कवडीचा विश्वास नसलेली, तीही रडली. बाप जेवला होता.

महाराजांची रीत ठरलेली होती. सात दिवस मधातून अंगाऱ्याची पुडी, आठव्या दिवशी मंडपात घास, पुढे पुड्या चालूच. आणि एक अट, दवाखान्याचा शेक, म्हणजे किरणांचा उपचार, बंद. नागोरावांचे हैदराबादला पंचवीसपैकी अकरा शेक झाले होते. बाकीचे त्यांनी सोडून दिले. सुनयना भांडली होती, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "शेकानं गळा जळून राह्यला, पोरी. थुकाबी गिळवत नाही. तूच सांग, किती सोसू?"



घासाच्या दुसऱ्या दिवशी तिनं घरात एक पुडी ताटलीवर उलटी केली. राख, कापराचा वास, आणि राखेत पांढरट दाणे. खसखशीएवढे, पण सगळे एकसारखे गोल. सुनयनानं बोटानं ते पसरले. हे दाणे ती रोज पाहत होती. नायट्यावर देतात ती इट्राकोनाझोलची कॅप्सूल फुटली, की असेच दाणे सांडतात. बुरशी मारणारं औषध. राख जिभेला लावली तर कडूही लागली, म्हणजे आणखीही काही होतं.

तिनं पर्समधली कॅप्सूल उघडून दाणे शेजारी ठेवले. "माय, हे पाय. फरक सांग."

जयवंताबाईंनी बराच वेळ पाहिलं. "सारखेच हायेत. पन गिळलं ना त्यायनं?"

तोच प्रश्न घेऊन सुनयना दवाखान्यातल्या डॉक्टर कुमुदिनी यांच्याकडे गेली. डॉक्टरांनी पुडी पाहिली, नागोरावांचे जुने कागद पाहिले.

"अशक्त रोग्याच्या अन्ननलिकेत बुरशी चढते. पांढरा थर बसतो, सूज येते. आधीच गाठीनं वाट अरुंद, ती पूर्ण बुजते. या दाण्यांनी बुरशी गेली. कडू पूड बहुतेक सूज उतरवणारी असावी, स्टेरॉइड. वाट जराशी मोकळी झाली. गाठ आहे तिथंच आहे."

"म्हणजे औषध खरं, गुण खोटा?"

"गुणही खरा, बुरशीपुरता. खोटं आहे ते 'कॅन्सर गेला' हे म्हणणं." "तुला एक सांगायला हवं. हेच औषध अन्ननलिकेच्या कॅन्सरवर चालतं का, हे परदेशात खरोखर तपासताहेत. आधी गाठीचा तुकडा काढून बघतात, औषध देतात, पुन्हा तुकडा बघतात. ज्यांना गुण आला नाही त्यांचीही नोंद ठेवतात. अजून काही ठरलेलं नाही. उद्या उपयोगाचं निघेल, कदाचित नाही निघणार."

"मग बाबांले चालूच ठेवू काय, म्याडम?"

"शेकाच्या जागी? नाही. माहीत नसलेली गोष्ट मी माहीत आहे म्हणून कशी सांगू?"

पुढच्या गुरुवारी मंडप पुन्हा भरला, तेव्हा सुनयना मंडपामागे गेली. तिथं कचऱ्याच्या खड्ड्यात अर्धवट जळालेली टरफलं पडली होती, कॅप्सूलची रिकामी टरफलं, शेकड्यांनी. ओंजळभर घेऊन ती सरळ पाटासमोर उभी राहिली. ती मोठ्यानं बोलली. दाणे दाखवले, टरफलं दाखवली, बुरशीचं सांगितलं. कोणीतरी पुडी उघडून पाहू लागलं.

"अंगाऱ्यात काऊन हे?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

महाराजांचा चेहरा क्षणभर उतरला. मग ते हसले. "पोरी, हे औषध कॅन्सरवर कोनी तपासून राह्यलं काय? खरं सांग."

सुनयनाला खोटं बोलता येईना. "तपासून राह्यले, पन..."

"आयकलं? साऱ्या जगाचे डाक्टर आता माही पुडी तपासून राह्यले! मले देवानं आधीच सांगतलं व्हतं!"

टाळ्या पडल्या. तिचा 'पन' माइकखाली विरून गेला. जयवंताबाईंनी तिचा हात ओढला, "चाल माय, लोकं हासून राह्यले."

मोबाइलवर फिरणाऱ्या महाराजांच्या जुन्या व्हिडिओंत आधी घास गिळलेले सहा जण होते, नावागावासकट. सुनयनानं दोन दिवसांची रजा टाकली आणि बसनं तामसी, इचोडा, आजूबाजूची खेडी फिरली. पाच घरांत फोटोला हार होता. कोणी घासानंतर महिनाभर जगलं, कोणी दोन. "मग मंडपात जाऊन सांगतलं काऊन नाही?" तिनं एका विधवेला विचारलं. बाई म्हणाली, "महाराज म्हने, तुमचीच श्रद्धा कमी पडली. कोन्या तोंडानं जावं?"

सहावा, मारोती, ठणठणीत होता. त्याचे कागद तिनं मागून पाहिले. त्याला कॅन्सर कधी नव्हताच, पित्ताच्या जळजळीनं अन्ननलिका सुजली होती.

ती घरी आली तेव्हा घासाला अकरा दिवस झाले होते आणि नागोरावांना पाणी उतरत नव्हतं. घोट घेतला की ठसका लागे. डॉक्टर कुमुदिनींनी छातीचा फोटो, म्हणजे सीटी स्कॅन, काढायला लावला. गाठ श्वासनळीत शिरली होती. आता शेक देता येणार नव्हता. पोटात नळी बसवली, दूध तिथून जाऊ लागलं.

सुनयनानं घरोघरी फिरून आणलेलं बापाला सांगितलं. न सांगणं तिला जमलं नाही.

"शेक पुरा केला असता तं?" त्यांनी विचारलं.

"कदाचित जास्त जगले असते, बाबा. कदाचित."

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. आणि त्यांचा घास गिळतानाचा व्हिडिओ गावोगावच्या मोबाइलवर फिरतच होता. सुनयनानं खाली खरं काय ते लिहिलं, ते कोणीतरी पुसून टाकलं.

तो व्हिडिओ पाहूनच एक दिवस भगवानराव आणि त्यांची बायको पत्ता शोधत आले. भगवानरावांना तीच गाठ होती. हैदराबादची तारीख मिळाली होती, पण पाय महाराजांकडे ओढत होते. नागोरावांच्या पोटातली नळी पाहून दोघं दारातच उभे राहिले.

"तुमाले तं फरक पडला व्हता म्हनते..." बाई कशीबशी म्हणाली.

नागोरावांचा आवाज बसला होता. सुनयना मध्ये बोलायला गेली, त्यांनी हातानं थांबवलं.

"पडला व्हता. मी काई खोटं नाही गिळलं. म्हनूनच फसलो, बाई. बरं वाटलं अन् मी समजलो बरा झालो. ते दोन येगयेगळे हायेत." ते दम घ्यायला थांबले. "कोनी म्हनलं मी बरं करतो, तं त्याले इचारा, आधी किती जनाईले देल्लं? त्यातले आज किती हायेत? गाठीचा आधीचा फोटो दाखव, नंतरचा दाखव. महाराजाले इचारा, डाक्टरलेबी इचारा. जो चिडते, त्याच्या दारी जाऊ नका. अन् तारीख चुकवू नका."