कशेळीच्या निवट्या

लिनभाऊंची बॅग सकाळीच जिन्याखाली येऊन बसली आणि पुतळाबाईच्या जिवाची नुसती तगमग सुरू झाली. चार वाजता टॅक्सी येणार, रात्रीचं विमान. आता तुम्ही म्हणाल, पाहुणा आहे, कधीतरी जाणारच. अहो, पण लग्न होऊन भिवंडीत आल्यापासून तिच्या दारातून माणूस कधी उपाशी गेला नव्हता. वीजबिल द्यायला आलेल्यालाही ती भाकरीचा तुकडा मोडायला लावायची. आणि हा चीनहून आलेला माणूस पाच आठवडे तिच्या घरात राहून पार काटकुळा होऊन निघाला होता.

झालं होतं असं, की तिच्या नवऱ्याने, रामनाथने, आपल्या कापडाच्या कारखान्यातले जुने लूम भंगारात काढून बारा नवे रेपियर लूम मागवले. ते बसवायला कंपनीने लिनभाऊंना पाठवलं. समुद्रकाठच्या कुठल्याशा गावचा चाळिशीचा माणूस, स्वभावाने सोन्यासारखा. बंगल्यात वरच्या खोलीत राहायचा आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सूनबाई निशाशी बोलायचा. तीन लूम चालू झाले, आणि भाऊंचं अंगच गळालं. अन्न जाईना. शेवटी त्यांनी कंपनीला कळवलं, की दुसरा माणूस पाठवा.

पुतळाबाईने काय करायचं बाकी ठेवलं होतं? मटण झालं, गावठी कोंबडी झाली, हाताएवढे सुरमईचे तुकडे तळून झाले. भाऊ मान लववायचे, दोन घास खायचे आणि तांब्याभर पाणी प्यायचे. एकदा मुलगा, हितेश, नाक्यावरच्या गाडीवरून लालभडक मंचुरियन घेऊन आला. म्हणाला, आता बघा कसे तुटून पडतात. भाऊंनी एक गोळा खाल्ला आणि अगदी अदबीने निशाला विचारलं, हे कोणत्या देशाचं जेवण? हितेश त्या दिवशी मान खाली घालून जेवला.

आदल्या संध्याकाळी निशाने शेवटचं म्हणून विचारलं होतं, की तुम्हाला खावंसं तरी काय वाटतं? भाऊंचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर चित्र काढलं. डोक्यावर बटबटीत डोळे, खाली रुंद तोंड. मग हाताने टुणटुण उड्या मारून दाखवल्या. रामनाथने पुठ्ठा पाहिला आणि निकाल देऊन टाकला, की हा बेडूक आहे आणि या घरात तो शिजणार न्हाय. विषय संपला.

पण सकाळी वरची खोली आवरताना तोच पुठ्ठा पुतळाबाईच्या हाती लागला. आधी तिने नाक मुरडलं. मग खिडकीशी नेऊन नीट पाहिला, आणि तिथूनच हाक मारली.

"निशे! बेडकाला शेपूट असतं का गं? आन पाठीवर ह्यो पर कुठला?"

बेडूक कसला, निवटी होती ती! खाडीच्या चिखलात उड्या मारत फिरणारा वीतभर मासा. कशेळीला, तिच्या माहेरी, ओहोटी लागली की पोरीसोरी निवट्यांमागे चिखलात उतरायच्या, आणि पुतळीच्या हातून निवटी सुटली असं कधी व्हायचं नाही. लग्नानंतरही तिचा भाऊ आणून द्यायचा. पण बंगला बांधला आणि रामनाथला चिखलातलं खाणं कमीपणाचं वाटायला लागलं. निवट्या बंद झाल्याला आठ वर्षं झाली. सुरमई तळताना कधीकधी तिच्या तोंडाला निवट्यांसाठी पाणी सुटायचं, पण हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

तिने बोटांवर तिथी मोजली. साडेबाराला पूर्ण ओहोटी. घड्याळात अकरा वाजलेले. बादली घेतली, निशाला ओढलं आणि रिक्षात बसली.

कशेळीच्या अलीकडे गोदामांच्या ट्रकांनी रस्ता तुंबवून ठेवला होता. बाईने रिक्षा सोडली आणि बादली हलवत ट्रकांमधून चालायला लागली. मागून निशा धापा टाकत होती. खाडीवर पोहोचली तर काय, तिची लहानपणीची जागा भराव घालून बुजवलेली, वर पत्र्याचं गोदाम. पण भावजय धोंडूबाई भेटली, तिने सांगितलं, तिवरांच्या झाडीमागे अजून आहेत थोड्या, जा लवकर.

काष्टा खोचून पुतळाबाई गुडघाभर चिखलात उतरली. निवटीच्या बिळाला दोन तोंडं. एकावर पाय द्यायचा, दुसऱ्यात हात घालायचा. पहिली सटकली. दुसरीही सटकली. बाईने स्वतःलाच एक शिवी हासडली. तिसरी मुठीत आली, वळवळली आणि सुटली नाही! मग काय विचारता, कंबरेत वाक नाही म्हणणारी बाई दोन तास वाकलेली, आणि काठावरून निशा मोठमोठ्याने आकडे मोजतेय. अठरा झाल्या तेव्हा पाणी चढायला लागलं.

परत येईस्तोवर चारला पाच कमी. टॅक्सी दारात, बॅग डिकीत, रामनाथ हात जोडून निरोप देतोय. कंबरेपर्यंत चिखलाने माखलेली बायको पाहून त्याचे हात तसेच जोडलेले राहिले. ती त्याच्याकडे न पाहता पुढे गेली आणि बादली भाऊंच्या पायाशी ठेवली.

भाऊ वाकले. एक निवटी उडून फरशीवर पडली, आणि त्यांच्या तोंडून त्यांच्या भाषेत काहीतरी निघालं. कुणाला अर्थ कळला नाही, विचारायची गरजही पडली नाही. त्यांनी बाह्या सारल्या, पुतळाबाई धरते तशीच मूठ करून निवटी उचलली आणि बादली घेऊन तडक स्वयंपाकघरात गेले.

अर्ध्या त्यांनी केल्या, आलं आणि कांद्याची पात घालून, पाण्यासारख्या रश्शात. अर्ध्या तिने, लाल मसाला आणि चिंच घालून. मध्येच हात धूत भाऊ निशाला म्हणाले, नऊ लूम राहिलेत, मी कंपनीला फोन करतो. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. रामनाथने स्वतः जाऊन डिकीतून बॅग काढली.

सगळे जेवायला बसले. भाऊ तिचं खात होते, नाक-डोळे गाळत, थांबत नव्हते. पुतळाबाई दोन्हीकडचं खात होती, कुणाकडे लक्ष न देता, काटे चोखून चोखून. बऱ्याच वेळाने भाऊंनी निशाला काहीतरी विचारलं. निशा जराशी अडखळली.

"आई, ते विचारतात, तुमचं गाव कुठल्या देशात हाय? म्हणतात, इतक्या भुकेनं जेवणारा माणूस नक्की लांबून आलेला असणार."

पुतळाबाईचा हात ताटातच थांबला.

"आठ किलोमीटर, सांग त्याला," ती म्हणाली, आणि तिला रडूच कोसळलं.

रामनाथने आपल्या ताटातली निवटी उचलली आणि तिच्या ताटात ठेवली.