पोतं ओतल्याशिवाय

नीटच्या निकालात सरकारी एमबीबीएसची यादी माझ्यापासून अकरा मार्कांवर थांबली. त्या दिवशी आईने शिरा केला. मी विचारलं, "कशाबद्दल? नापास झाल्याबद्दल?" ती म्हणाली, "रव्याला पोरकिडे लागले असते." आमच्या घरात दुःखाला फार वेळ बसू देत नाहीत.

डॉक्टर मात्र मला व्हायचंच होतं. माझा बेत साधा होता. पुढच्या वर्षी नीट पुन्हा द्यायची, गरज पडली तर तिसऱ्यांदाही द्यायची, आणि तोवर घरात तोंड पाडून न बसता बीएस्सी करायची. कर्वेनगरजवळ एक जुनं अनुदानित कॉलेज मी शोधून ठेवलं होतं. वर्षाची फी साडेअकरा हजार. छत गळतं, कॅंटीनचा चहा भयंकर, पण सर वर्गात येतात आणि आल्यावर शिकवतातही, असं तिथल्या दोन मुलींनी मला शपथेवर सांगितलं होतं.

बाबांना हे काही पटेना. माझे बाबा, नागोराव, मार्केट यार्डात कांदा-बटाटा विभागात तोलणार म्हणून मालाचं वजन करतात. हिंगोलीहून पुण्याला येऊन सव्वीस वर्षं झाली, तरी बोलणं तिकडचंच राहिलंय.

"साडेअकरा हजारात डॉक्टर व्हतं का कुणी?" ते म्हणाले. "माल स्वस्त कामून असतो, ते मला नको शिकवू श्रद्धे."

त्यात भर घातली उत्तरेश्वरमामाने. मामा हिंजवडीत कंपनीची बस चालवतो. रोज काचेच्या इमारतींसमोर बस उभी करून करून त्याची पक्की समजूत झालीय की अक्कल काचेच्या आतच राहते. त्याने तसलंच एक काचेचं खासगी कॉलेज शोधून आणलं. 'प्री-मेडिकल बीएस्सी' असं त्याच्या माहितीपुस्तकावर सोनेरी अक्षरांत छापलेलं, आणि आत पांढरे कोट घातलेली मुलं पानोपानी विनाकारण हसत होती. वर्षाला फी तीन लाख.

बाबांनी बारा वर्षं पोटाला चिमटा घेऊन माझ्या डॉक्टरकीसाठी आठ लाख साठवले होते. तिथे तीन वर्षं काढली असती, तर खऱ्या मेडिकल कॉलेजच्या दारात आम्ही रिकाम्या हाताने उभे राहिलो असतो. हे मी बाबांना दोनदा समजावून सांगितलं आणि तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं. काही उपयोग झाला नाही, कारण तोवर बाबा मामाबरोबर जाऊन तिथे प्रवेशाचं बघणाऱ्या स्पृहामॅडमना शब्द देऊन आले होते. सोमवारी येऊन पैसे भरतो म्हणून! आणि दिलेला शब्द बाबा फिरवत नाहीत. यार्डात त्यांना मान आहे तो तेवढ्यासाठीच.

रविवारी दुपारी मी अबोला धरून जेवत होते. आईने त्यांच्या ताटात भाकरी टाकली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "अहो, पोतं ओतून बगितलं का?"

बाबांचा घास हातातच राहिला.

यार्डातली रीत मी लहानपणापासून ऐकत आलेय. पोत्याच्या तोंडाशी सगळ्यांचेच कांदे टपोरे आणि चकचकीत असतात. म्हणून बोली झाली तरी एक पोतं तिथेच जमिनीवर ओततात. तळ खराब निघाला तर सौदा मोडतो, आणि त्यात शब्द मोडला असं कुणी मानत नाही.

"आपण नुस्तं तोंड बगून आलो की," बाबा हळूच म्हणाले.

सोमवारी आम्ही दोघं गेलो. मामाला ड्यूटी होती, हे देवाचे उपकार. स्पृहामॅडम गोड बोलायच्या. "सर, आपण आधी टोकन अमाउंट भरून टाकू या का? सीट्स खूप फास्ट जातायत."

"भरू की. आधी प्रयोगशाळा दाखवा म्याडम."

प्रयोगशाळा थंडगार होती. पांढऱ्या टेबलांवर सूक्ष्मदर्शक ओळीने मांडून ठेवले होते. बाबांनी पहिल्या रांगेकडे पाहिलंसुद्धा नाही. ते सरळ शेवटच्या रांगेपाशी गेले, एकावरचं प्लास्टिक उचललं आणि वाकून पाहिलं. डोळा लावायच्या काचेवर कंपनीने चिकटवलेला गोल कागद तसाच होता. त्यांनी दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. सगळीकडे कागद.

"म्याडम, हा कोर्स कवा सुरू झाला?"

"फोर इयर्स झाले सर."

"म्हंजे चार वर्सांत ह्याला कुणी डोळाच लावला नाही." बाबांनी प्लास्टिक पुन्हा नीट घातलं आणि हात जोडले. "आमच्यात पोत्याचा तळ खराब निघाला तर सौदा मोडतो. राग मानू नका."

"सर, पोतं?" स्पृहामॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटत होतं. लिफ्टमध्ये मी बाबांना घट्ट मिठी मारली, आणि लिफ्टमधल्या आरशासमोर ते उगाच लाजले.

तिथून आम्ही जुन्या कॉलेजात गेलो. ऑफिसच्या खिडकीतल्या गृहस्थांनी मानही वर केली नाही. "जेवणाची सुट्टी. पाटी लावलीये. मराठीतच आहे."

"मग आमी तोवर काय करावं?" बाबांनी विचारलं.

"ते पाटीवर नाहीये."

मग आम्ही जिना चढून प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथे कोंडीराम नावाचे परिचर काचेच्या बरण्या पुसत होते. बाबा पुन्हा शेवटच्या रांगेकडे. तिथल्या एका सूक्ष्मदर्शकाच्या फिरवायच्या चकतीवरचा काळा रंग बोटांनी पार झिजला होता आणि आतलं पितळ लकाकत होतं.

"आमची वजनं अशीच झिजायची," बाबा खूश होऊन म्हणाले. इतक्यात त्यांची नजर खिडकीवर गेली. तिथे पाण्याने भरलेल्या पेल्यांवर कांदे बसवले होते आणि त्यांना खाली पांढऱ्या मुळ्या फुटल्या होत्या. "आन् हा इथं कामून बसलाय?"

"हा आमचा सगळ्यात जुना मास्तर," कोंडीराम म्हणाले. "दर वर्षी पहिलं प्रॅक्टिकल याचंच असतं. बघायचाय का आतून?"

त्यांनी कांद्याचा पातळ पापुद्रा काढला, काचेवर ठेवला, त्यावर तांबूस औषधाचा थेंब टाकला आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. बाबा वाकले. आधी त्यांनी नको तो डोळा मिटला, मग दोन्ही मिटले. कोंडीरामांनी न हसता त्यांचं डोकं हलकेच नीट केलं.



"अगं, ह्याच्यात तर वीटकाम हाय!" बाबा एकदम ओरडले. "वीट न् वीट बसवलीय! आन् परतेक विटेत एकेक ठिपका!" मग डोळा तसाच लावून ते अगदी हळू म्हणाले, "सव्वीस वर्सं मी ह्याला तोलतोय. आत काय हाय, ते मला कुणी दाखवलंच नाही."

आजवर मला वाटायचं की मला डॉक्टर व्हायचंय आणि बाबा त्यासाठी पैसे साठवताहेत. पण तेवढंच नव्हतं. बाबांनाही बघायचं होतं.

"पोरीला हितंच घ्या," त्यांनी कोंडीरामांना सांगितलं.

"मी कोण घेणारा? खाली फी भरा. सुट्टी संपली असेल."

पहिल्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी सरांनी सांगितलं, "उद्या प्रत्येकाने घरून एक कांदा आणा." मी घरी जाऊन तेच सांगितलं. एक कांदा, असं अगदी स्पष्ट सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पंचवीस जण आपापला कांदा घेऊन उभे असताना दारात बाबा आले. खांद्यावर अख्खं पोतं. दोन जिने चढून आल्याने त्यांना बोलताही येत नव्हतं. त्यांनी सरांच्या पायाशी फरशीवर पोतं ओतलं आणि लाल, टपोरे कांदे पार टेबलांखाली घरंगळत गेले.

"बाकीच्यांनी दुकानातून आणले असतील," दम खात ते म्हणाले. "तळासकट बगून घ्या सर."

वर्ग खो-खो हसत सुटला. मीही हसत होते. सरांनी खरोखर वाकून तळाचा एक कांदा उचलला, निरखून पाहिला आणि माझ्या हातात दिला. "अहो, आता थांबा की," ते बाबांना म्हणाले. "पहिली स्लाइड तुमची मुलगी करील."

मी पापुद्रा काढला, थेंब टाकला, काच सरकवली. बाबा वाकले आणि या वेळी त्यांनी बरोबर डोळा मिटला.

"दिसलं का बाबा?"

"दिसलं, डॉक्टर," ते सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

अकरा मार्क अजून मिळवायचे आहेत. पण मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही.