दोन ठोके

माझा थोरला भाऊ रेवाराम साप चावून मेला, असं आमचं सगळं गाव एका सुरात सांगत होतं. ग्रामसभेत विहिरीच्या जागेवरून दोन माणसांचं पटत नाही, पण सापावर सगळ्यांचं पटलं. पहाटे मोहफुलं वेचायला गेला, पानांत साप होता, पायाला लागला, संपला. खेमराजमामा स्वतः खाटेवरून त्याला घेऊन आला. पायावर काळा डाग होता, टोपली बरोबर होती. उन्हाचे दिवस, म्हणून दुपारच्या आत माती दिली.

हा खेमराज माझा सख्खा मामा नव्हे. गावच त्याला मामा म्हणायचं, कारण शिकारीचा म्होरक्या तो. नागझिऱ्याच्या अभयारण्याच्या कडेला असलेल्या आमच्या गावात पूर्वी शिकार म्हणजे हाका, जाळं आणि कुत्री होती. आता ती म्हणजे करंट. डुकरांच्या वाटेवर खुंट्या ठोकून उघडी तार फिरवायची आणि तिचं दुसरं टोक बांबूने वरच्या विजेच्या लाइनीवर अडकवायचं. त्या अडकवण्याला आकडा म्हणतात. हत्यार धरायला छाती लागायची, आकडा टाकायला ती लागत नाही. म्हणूनच मी शिकार सोडून नागझिऱ्यात गाइड झालो होतो. पर्यटकांना वाघाच्या पंजाचे ठसे दाखवायचे आणि वाघ दिसला नाही की त्यांची तोंडं पाहायची, असं ते काम. पण रेवारामदादा शिकारीला जायचा. वहिनी, म्हणजे त्याची बायको फुलवंता, हिच्यासमोर त्याने त्या वर्षी शिकार सोडल्याची शपथ घेतली होती.

माती देऊन आलो त्या संध्याकाळी वहिनीने मला मागच्या अंगणात बोलावलं. कुडाला पळसाच्या पानांची पुडी अडकवलेली होती. कोणी अडकवली ते तिने पाहिलं नव्हतं. आमच्याकडे शिकार झाली की मांसाचे वाटे पडतात, आणि गावातलं एकही घर वगळत नाहीत, मग ते सुतकातलं असलं तरी. घरबसल्यांना साधा वाटा. ज्याचे पाय जंगलात गेले, त्याच्याच वाट्यात काळजाचा तुकडा पडतो. हा तुकडा चुकवला तर जंगल पुढच्या वेळी माणूस घेतं, असं आमची म्हातारी माणसं सांगत आली आहेत आणि त्यावर वाद घालणारा अजून जन्मलेला नाही.

वहिनीने पुडी उघडून माझ्यापुढे धरली.

"भाऊजी, याच्यात काळीज हाये."

दादा मोहफुलांना गेला होता, तर त्याच्या घरी शिकाऱ्याचा वाटा कसा आला? ज्यांनी गावाला सापाची गोष्ट पढवली, त्यांना हा एक तुकडा ठेवून घ्यायचा धीर झाला नाही. माणसाशी खोटं बोलले, जंगलाशी बोलवेना. पायावरचा काळा डाग मला तेव्हा कळला. साप असा भाजत नाही.

मी पोलीस ठाण्याचं नाव काढलं. वहिनी म्हणाली की प्रेत उकराल, पण तोंडं कशी उकराल? गावातल्या प्रत्येक घरात त्याच डुकराचं मांस शिजत होतं, ज्याने खाल्लं तो बोलणार नव्हता. ती रडत नव्हती. ती पुडी तिने कुत्र्यांपुढे टाकली आणि हात धुतले.

"ज्या तारेवर हे गेले, त्याच तारेवर तो म्होरक्या पडला पायजे. तुमी जा त्यायच्यात."

मेलेल्या शिकाऱ्याची जागा त्याच्या घरच्याला मागता येते, आमच्यात तो हक्क आहे. दिवाळी झाल्यावर मी खेमराजकडे गेलो आणि दादाची जागा मागितली. वहिनीच्या घरचा चुलीचा प्रश्न आहे, असं म्हणालो. नाही म्हणता येईना त्याला. मग चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला, रेवाराम किती गुणी होता ते सांगितलं. तो हात मी खांद्यावर सोसला. तेवढं एक काम मला आयुष्यात सगळ्यात जड गेलं.

हिवाळाभर मी त्यांच्याबरोबर गेलो. दिवसा गाइडचा खाकी शर्ट घालून लोकांना सांगायचं की जंगल आपलं आहे, ते जपा, आणि संध्याकाळी त्याच जंगलात खुंट्या ठोकायच्या. टोळीत आम्ही चौघे होतो. दुलीचंद मांस हायवेवरच्या कोहमाऱ्याकडच्या गिऱ्हाइकांना विकायला यायचा. टिंकूला चार पोरांत मिरवायला हवं होतं. खेमराज म्हणायचा की डुकरं धान उकरतात म्हणून मारायची, पण धान कापून झाल्यावरही त्याचा पाय घरात टिकायचा नाही. बाप गेला, आजा गेला, म्हणून तोही जायचा. मी एकटाच माणसासाठी जात होतो. काळजाचा तुकडा दर वेळी माझ्या हातून वहिनीकडे यायचा आणि दर वेळी कुत्र्यांकडे जायचा. आमची कुत्री त्या हिवाळ्यात चांगली तुकतुकीत झाली.

काम कसं चालतं ते मी नीट पाहून घेतलं. तारेच्या आत, पाण्याजवळच्या झाडावर एक जण मचाणावर बसतो. जनावर पडलं की तो शीळ घालतो. लाइनीजवळ, तिथून न दिसणाऱ्या ठिकाणी, दुसरा आकड्यापाशी असतो. शीळ ऐकली की बांबूने आकडा खाली काढायचा आणि कुऱ्हाडीच्या दांड्याने सागाच्या खोडावर दोन ठोके द्यायचे. दोन ठोके म्हणजे तार मेली, आता उतर. शिकारीला कोणी मोबाइल आणत नाही, जागा सापडते म्हणून. त्यामुळे झाडावरच्या माणसाचा जीव त्या दोन ठोक्यांवर असतो. पाण्याकाठची जमीन ओली असते, तारेला हात न लावताही चिखलातून करंट माणूस ओढून घेतो.

दादा झाडावर होता आणि आकड्यावर खेमराज होता, हे टिंकू एकदा दारू पिऊन बोलून गेला. पुढे काय झालं ते त्याने गिळलं. मलाही विचारायची गरज उरली नाही. दादाच्या मरणानंतर खेमराजने आकड्याला हात लावलेला नव्हता. कधी टिंकूला बसवायचा, कधी दुलीचंदला, स्वतः झाडावर चढायचा.

उन्हाळा आला, नाल्यात एकच डोह उरला. आकड्यावर मी बसतो, असं मी म्हणालो. खेमराजला बरंच वाटलं. टिंकू त्या कामात झोपतो, तू गाइड माणूस, जागा राहशील, असं म्हणाला आणि डोहाकाठच्या जांभळावर चढला. दुलीचंद आणि टिंकू दूर रस्त्यावर ट्रॅक्टर घेऊन थांबले.

उजाडताना डुक्कर पडलं. शीळ आली.

मी कुऱ्हाड उचलली. आकडा वर होता. तो तसाच ठेवून दोन ठोके द्यायचे, एवढंच उरलं होतं. कित्येक महिने मी हेच मनात केलं होतं, झोपेत केलं होतं, पर्यटकांच्या जिप्सीत बसून केलं होतं. दया वगैरे काही आली नाही, उगाच चांगुलपणाचा आव मी आणणार नाही. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. हा आत्ता मेला तर डोळ्याचं पातं लवायच्या आत मरेल. दुलीचंद आणि टिंकू त्याला खाटेवर घालून गावात नेतील, आणि गाव यालाही साप चावला म्हणेल. दुपारच्या आत माती देतील. दादाचा साप तसाच खरा राहील आणि त्याच्या जोडीला आणखी एक साप येईल. एवढी स्वस्तात सुटका मी त्याला देणार नव्हतो.

मी बांबूने आकडा काढला, आकड्याकडची तार तोडून गुंडाळली आणि खांद्यावर टाकली. ठोके दिले नाहीत. शीळ पुन्हा आली, मग पुन्हा. मी गावाकडे चालू लागलो.

वहिनी अंगण झाडत होती. मी सगळं सांगितल्यावर ती आधी माझ्यावर चिडली, की जिवंत ठेवून कायले आले? मग तिला समजलं, की ठोक्यांवाचून तो उतरणार नाही आणि गावासमोर बोलेल. झाडू टाकून ती दारोदारी गेली. खेमराजमामा डोहावर अडकला आहे, चला, एवढंच सांगत होती. मी घरून मोबाइल घेतला आणि नागझिऱ्याच्या गेटवर माझ्या ओळखीच्या वनरक्षकाला फोन केला. शिकार झाली आहे, आणि आकड्यावर मी होतो, हेही सांगितलं. तो म्हणाला, वेड लागलं काय तुला, नोकरी जाईल. मी म्हणालो, जाऊ दे.

गाव येताना पाहून रस्त्यावरचा ट्रॅक्टर पळाला. डोहावर पोचलो तेव्हा ऊन अंगावर आलं होतं. खेमराज जांभळाच्या फांदीला मिठी मारून बसला होता. खाली खुंट्यांवरची तार, चिखल आणि मेलेलं डुक्कर.

"लखन, ठोक ना बाबू," तो म्हणाला. "कवाचा बसून राहिलो मी."

मी कुऱ्हाड तशीच हातात धरून उभा राहिलो. तार मेलेली आहे हे फक्त मला आणि वहिनीला माहीत होतं. गाव दहा हात मागे उभं राहिलं. वहिनी पुढे झाली, तारेबाहेरच्या एका सागाखाली बसली, आणि साधं शेजारणीशी बोलावं तसं विचारलं.

"मामा, हे कसे गेले?"

"साप चावला ना बाई. साऱ्यायनं पायलं."

"मंग बसा वर."

ऊन चढत गेलं. कोणी हललं नाही. त्याने आधी शिव्या दिल्या, मग बायकोच्या नावाने हाका मारल्या, मग पाणी मागितलं. बायको गर्दीत होती. ती पाणी घेऊन पुढे निघाली आणि तारेजवळ येऊन थबकली. घागर खाली ठेवून तीही मागे गेली. तेव्हा तो बोलायला लागला.

"मीच ठोकलो. बांबू लावलो, आकडा निघाला असन म्हणून वर पायलोच नाई. तो उतरला न् चिखलात पडला."

"लगेच गेले?" वहिनीने विचारलं.

तो म्हणाला, "नाई. जित्ता होता. पाणी मांगे."

"दवाखान्यात काऊन नाई नेले?"

"डाक्टरनं पाय पायला असता. सारेच अंदर गेलो असतो."

"मंग काय केले?"

"डुकर ट्रॅक्टरमंदी टाकलो. मंग रेवारामपाशी बसलो, जीव सरेवरी."

हे मला माहीत नव्हतं. वहिनीलाही नव्हतं. दादा एका झटक्यात गेला असेल, या समजुतीवर आम्ही दोघांनी वर्ष काढलं होतं. आम्हाला वाटायचं की निदान तेवढी तरी देवाने सोय केली. वहिनीने गावाकडे वळून पाहिलं. एकेकाकडे पाहिलं, कोणाचीही मान वर नव्हती. आपण त्या दिवशी काय खाल्लं ते प्रत्येकाला आठवत असणार. आठवलंच पाहिजे, मी तर म्हणतो अजून आठवावं.

ती उठली, माझ्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि सागाच्या खोडावर दोन ठोके दिले.

"घ्या मामा. उतरा."

तो उतरला नाही.

मी खांद्यावरची तार त्याच्यापुढे फेकली, सांगितलं की आकडा पहाटेच काढला आहे, हा बघ. त्याने तिकडे पाहिलंही नाही. नजर खुंट्यांवरून फिरत होती.

"दुसरा आकडा असन," तो म्हणाला. "तुमी मारता मले."

मी तार ओलांडून आत गेलो, चिखलात उभा राहिलो. तो म्हणाला, तुझ्या पायात बूट आहेत. मी बूट काढले. तो म्हणाला, मी तुला ओळखतो. माणसं हळूहळू निघून गेली. डुकराला कोणी हात लावला नाही, सुरी आणायला कोणी धावलं नाही. आमच्या गावात पडलेली शिकार अशी टाकून लोक घरी जाताना मी पहिल्यांदा पाहिली. त्यानंतर गावात आजवर वाटा पडलेला नाही. पण तो धर्म वगैरे समजू नका, त्यांना चावायची लाज वाटते.

वनरक्षक आले तेव्हाही तो वरच होता. एकाने तार मुठीत धरून दाखवली, म्हणाला, "देखो मामा, कुछ नहीं है, आ जाओ." खेमराजने डोळे मिटून घेतले. शेवटी दोघे वर चढले, त्याची बोटं एकेक करून फांदीवरून सोडवली आणि कमरेला दोर बांधून त्याला खाली सोडला. त्याने पाय पोटाशी घेतले होते. चिखलाला टाच लागली तसा तो ओरडला, सगळा नाला भरून ओरडला.

वहिनी तेवढ्यासाठी थांबली होती. "इतके तं हेही वरडले नसतीन," ती म्हणाली आणि घरी गेली.

आम्हा दोघांना एकाच गाडीत घातलं. माझी नोकरी गेली, माझ्यावर गुन्हा आहे, तारखेला मी जातो आणि जे केलं ते सांगतो. पश्चात्ताप आहे का, असं ठाण्यातल्या साहेबाने विचारलं होतं. आहे, आकडा त्या पहाटे काढल्याचा कधीकधी होतो, असं मी म्हणालो, तर ते त्याने लिहून घेतलं नाही. पण गाडीतला तो रस्ता आठवला की माझं समाधान होतं. गाडीचा तळ लोखंडाचा होता. जंगलातून ठाण्यापर्यंत खेमराजने एकदाही पाय खाली टेकवले नाहीत. गुडघे छातीशी धरून बाकावर बसला होता. मी समोर बसून सगळी वाट त्याचे पाय पाहत होतो.