फोनवाल्या मास्तरची वर्गणी

क्लेताची बोटं गिटारवर सगळी बरोबर पडत होती, तरीही चॅपेलमधल्या बायका तिच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत होत्या.

फिएस्ता, चॅपेलच्या संताचा वार्षिक सण, दुसऱ्या दिवसावर आलेली आणि तालीम ही एवढीच. प्रवेशगीतातली ती उंच जागा आली की सगळ्यांची मानांग, म्हणजे थोरली ताई, असलेल्या सालुदचा आवाज चिरकायचा आणि तिच्या मागे बाकीच्यांचाही. परत सुरू करायचं, परत तिथेच फाटायचं. खरं तर ही तालीम महिनाभर आधीच व्हायला हवी होती, पण क्लेतानेच भीतीपोटी ती पुढे ढकलत नेली होती. बायकांचीही हरकत नव्हती, कारण ही गाणी त्यांना झोपेतही येत होती.

कॉयरमध्ये गिटार वाजवायचा तो क्लेताचा नवरा बर्नाबे. मागच्या उपवासकाळात तो गेला आणि ती खुर्ची रिकामी झाली. स्पीकरवर तयार संगीत लावून गायचं असं जवळजवळ ठरलंच होतं. अख्ख्या बेटावर लोक वाढदिवसाला तसंच गातात, मग मिस्साच्या प्रार्थनेला काय हरकत? तेव्हा क्लेता उठून म्हणाली, मी वाजवते. सगळ्या हसल्या. हसणारच. फणसाच्या लाकडाची ती गिटार जन्मभर तिच्या घरात होती, पण तिने कधी पुसण्यापलीकडे तिला हात लावला नव्हता. बर्नाबेने शिकवलंच नाही. हे कानाचं काम आहे, शिकवून येत नाही, असं म्हणून तो विषय मिटवायचा. त्याचा तिला तेव्हाही राग होता आणि तो मेल्यावरही गेला नाही.

सेबू शहरात राहणाऱ्या सुनेने फोनवर गिटारचे धडे सुरू करून दिले आणि अर्ध्या वर्षाची वर्गणीही भरली. फोनमधला मास्तर तांबड्या दाढीचा एक पोरगा. काहीही वाजवा, तो छान म्हणणार. पण त्याच्या धड्यातला तारा जुळवायचा काटा लबाड नव्हता. तार बरोबर लागली तरच तो हिरवा व्हायचा, नाहीतर लाल. क्लेता रोज आधी सहाही तारा हिरव्या करायची आणि मगच धडा घ्यायची. बोटांना घट्टे पडले, कॉर्ड बसले. आता वर्गणी संपत आली होती. कॉयरचे पैसे मानांग सालुदकडे असत. तिने सरळ सांगितलं होतं, फिएस्ताची मिस्सा नीट पार पडली तर पुढची वर्गणी कॉयर भरेल आणि खुर्ची तुझी. नाहीतर स्पीकर.

"क्लेता, तुझा तो फोनवाला भलतंच काहीतरी शिकवतोय," मानांग सालुद म्हणाली. "वीस वर्षं हेच गाणं गातेय मी. कधी आवाज फुटला नाही."

"मानांग, सगळं हिरवं येतंय."

"हिरवं यायला ते काय गवत आहे?"

बायका खिदळल्या. क्लेताच्या डोक्यात तिडीक गेली.

"मग तुमचं वय झालं असेल," ती म्हणाली.

मानांग सालुदने गाण्यांचे कागद गोळा केले, कडेला कडा जुळवल्या आणि दाराशी दिवे लावत असलेल्या रोदेलला उद्या स्पीकर आणायला सांगितलं. क्लेताकडे तिने पाहिलंही नाही.

घरी येऊन क्लेताने पुन्हा वाजवून पाहिलं. सगळं हिरवं. दाढीवाला हसून छान म्हणाला, तेव्हा तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. खुर्ची गेली की बर्नाबेचं चॅपेलमध्ये काहीच उरणार नव्हतं, हे तिला सहन होत नव्हतं.

सकाळी तिने भाच्याच्या लग्नाचं फोनवरचं चित्रण काढलं. त्यात कॉयर हेच गाणं म्हणत होती आणि बर्नाबे वाजवत होता. आपलं कुठे चुकतं ते बघावं म्हणून तिने त्याच्याबरोबर वाजवायला घेतलं. त्याची बोटं दिसत होती. तोच कॉर्ड, तीच बोटं. तरी दोन गिटारी एकमेकींना चावत होत्या. फोन बिघडला असेल म्हणून तिने आणखी जुनं, नातवाच्या बाप्तिस्म्याचं चित्रण लावलं. त्यात बर्नाबेची गिटार तिच्या बरीच जवळ होती, पण किंचित खाली. त्याहून जुन्यात तर दोन्ही एकाच सुरात.

क्लेताने गिटार मांडीवर आडवी ठेवली. तिला सगळं कळलं होतं. सालुदचा आवाज वयाने जसजसा उतरत गेला, तसतशी बर्नाबेने तारांची पट्टी उतरवत नेली होती. कुणाला न सांगता. बायकांना वाटत राहिलं की आपण तरुणपणी गायचो तिथेच अजून गातोय. या माणसाने बायकोलाही पत्ता लागू दिला नव्हता. तिला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच रागात त्याच्यावरच्या मायेने ती रडली.

मग डोळे पुसले आणि तिच्या मनात आलं की आता मानांगचं तोंड बंद करता येईल. सगळ्यांसमोर एक जुनं आणि एक नवं चित्रण लावायचं, बस्स. दाढीवाला चुकला नाही, मी चुकले नाही, म्हातारीचा गळा उतरलाय. वर्गणीही मिळेल आणि खुर्चीही. असं ठरवूनच तिने फिएस्ताचा झगा अंगात घातला.

पण आधी तारा उतरवायला हव्या होत्या. खुंटी सैल केली की काटा लाल व्हायचा आणि मास्तर पुन्हा ताणायला सांगायचा. शेवटी तिने तो धडाच बंद केला. लग्नाच्या चित्रणात सुरुवातीला बर्नाबे मोकळ्या तारा छेडून बघतो, तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा कानाला लावून तिने एकेक तार त्याच्या तारेला मिळवली. जेवण राहिलं. मिस्साची पहिली घंटा झाली तेव्हा शेवटची तार लागली.

चॅपेलशी रोदेल स्पीकरची वायर ओढत होता. तो खालच्या आवाजात म्हणाला की मानांगनी सकाळी स्पीकरवर गाऊन बघितलं, तिथेही त्याच जागी आवाज फाटला. मागच्या बाजूला बसून आल्याचा काढा पितायत.

क्लेता मागे गेली. मानांग सालुद निळ्या झग्यात बाकावर बसली होती. केस चापून बांधलेले. हातातल्या कपातून घोट घेऊन ती हळूच तीच उंच जागा गुणगुणून बघत होती. क्लेताने फोनमध्ये चित्रण काढूनच ठेवलं होतं आणि अंगठा त्याच्यावरच होता.

"एकच गाणं द्या, मानांग. प्रवेशाचं. फुटलं तर गिटार मी स्वतः रोदेलच्या हातात देते."

"काल फुटलं, मग आज फुटणार नाही कशावरून?"

आता फक्त अंगठा दाबायचा होता. क्लेताने त्या कपाकडे पाहिलं आणि तिला ते जमेना.

"काल माझी चूक होती," ती म्हणाली. "फोनवाल्याने तारा जास्त चढवायला लावल्या आणि मी ऐकलं."

मानांग सालुदने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, कप बाकावर ठेवला. मग उठली.

चॅपेल दारापर्यंत भरलं होतं. फादर आत आले आणि क्लेताने पहिला कॉर्ड छेडला. बायका गाऊ लागल्या. उंच जागा जवळ आली तशी तिच्या मानेवरून घामाची धार वाहू लागली. तिला वर बघायचा धीर होईना. मानांग सालुदचा आवाज वर चढला आणि तिथे उभा राहिला. बाकीच्या तिच्यामागे पोचल्या.

दुसऱ्या कडव्यात मात्र कानाला काहीतरी टोचलं. सैल केलेली एक तार घसरत होती. फोन पिशवीत, पिशवी बाकाखाली, आणि पुढच्या गाण्यातली उंच जागा याहून मोठी. फादरांची प्रार्थना सुरू होताच क्लेता गिटारवर वाकली, कान लाकडाला टेकवला, अंगठ्याने तार हळूच छेडली, खुंटी किंचित फिरवली. अजून नाही. आणखी किंचित. फादरांचं आमेन झालं आणि तार लागली. ती लागली हे तिला कुणी हिरवं दाखवून सांगितलं नव्हतं. पुढची सगळी गाणी तिने ताठ बसून वाजवली.

मिस्सानंतर अंगणात पानं मांडली गेली. डुक्कर भाजून तयार होतं. बायका क्लेताच्या पाठीवर थापा मारत होत्या, तेवढ्यात मानांग सालुदने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं, "मी म्हटलं नव्हतं? तो फोनवाला कुचकामी आहे. त्याचं ऐकायचं सोडलं तर कसं वाजलं बघा. कॉयरचा एक पेसो त्याच्यावर जाणार नाही."

क्लेताला ते झोंबलं. हातातला एकूण एक कॉर्ड त्या दाढीवाल्याने दिलेला, आणि नाताळची गाणी तर अजून शिकायचीच होती. पण ती एवढंच म्हणाली, "हो, मानांग."

बायका पांगल्यावर मानांग सालुद मांसाचं पान घेऊन तिच्या शेजारी येऊन बसली आणि तिच्याकडे न बघता जेवू लागली.

"पुढच्या वर्षी अजून थोडं उतरवावं लागेल," ती म्हणाली. "बर्नाबे न सांगता करायचा."

क्लेता तिच्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"गाणारीला आपला गळा माहीत नसतो होय? त्याने कधी विचारलं नाही, मी कधी बोलले नाही. काल सगळ्यांच्या देखत काय सांगणार होते तुला?" तिने हाड बाजूला ठेवलं. "हे उतरवणं तुझ्या मास्तरला येतं?"

"नाही. हे त्याला नाही येत."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं सगळं त्यानेच शिकवलं, मानांग."

मानांग सालुदने बोटं पुसली, छातीशी खोचलेला रुमाल काढला आणि त्यातल्या नोटा पानाखालून क्लेताच्या मांडीवर सरकवल्या.

"हे कॉयरचे नाहीत, माझे आहेत. वर्षाची वर्गणी भर," ती म्हणाली. "आणि कुणी विचारलं तर तो कुचकामीच आहे."