लेकीला सांगायचं कुणी

माझ्या तोंडावर कुणी काही बोलत नाही, ते या पांढऱ्या केसांमुळं. पाठीमागं बोलतातच. बोलू देत. मी केलं ते पोटच्या पोरासाठी केलं, आणि कुठली आई करणार नाही ते मला दाखवा.

मॉस्कोला आम्ही एका घरात नऊजण राहायचो, सगळे तिकडं डोंगरातल्या नारीनकडच्या आमच्या एकाच गावचे. वयानं मी मोठी, म्हणून चूल माझी आणि शेवटचा शब्दही माझा. माझा पोरगा मेदेर बांधकामावर जायचा. त्याची बायको कानिशाय आणि मी एका इस्पितळात फरशा पुसायचो. नातीला गावी माझ्या म्हाताऱ्याजवळ ठेवलं होतं. मेदेर दिसायला देखणा, पण मनानं शेणाचा पो, टाकाल तिथं बसणारा. कानिशाय यायच्या आधी सहा महिने तो बाजारात लोणची विकणाऱ्या ओल्या नावाच्या रशियन बाईकडं पडून असायचा. म्हणून तर मी सुनेला गावाहून बोलावून घेतलं. ती आली आणि पोरगा रोज घरी जेवायला लागला.

पण कानिशायच्या कागदांत घोळ झाला होता. तिथली सरहद्द एकदा ओलांडली की पाच वर्षं तिथं परत पाऊल टाकता येणार नाही, असं तिचं नाव यादीत चढलेलं. तिला ते ठाऊक होतं. तरी एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "आपा, माझी आई थकलीय. मी तिची एकुलती लेक. तुझ्या मातीला येईन असा तिला शब्द देऊन आलेय. घरून काही कमी-जास्त कळलं तर आधी मला सांगा. पाच वर्षं तर पाच वर्षं."

मी हो म्हटलं. म्हणायला काय जातंय.

आमच्यात आई मेली की अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू ठोकतात, तिला आत ठेवतात, आणि लेक तंबूच्या भिंतीकडं तोंड करून, हेल काढून, आईचे गुण गात रडते. रडायला लेक नसेल तर बाई बेवारशी गेली म्हणतात. लांबची लेक पोचेपर्यंत प्रेत तीन दिवसही ठेवतात. आणि आणखी एक रीत आहे. मरणाची बातमी लेकीला फोनवर कधी सांगायची नाही. तिच्याजवळच्या वडीलधाऱ्या माणसाला कळवायची. मग त्यानं चार माणसं भोवती बसवून, तिला धरून, हळूहळू सांगायची. मध्येच कुणी बोलून गेलं तर त्याच्यासारखा नीच कुणी नाही.

तर जूनच्या आठ तारखेला तिचा भाऊ तोक्तोसून यानं रीतीप्रमाणं मला फोन केला. आई पहाटे गेली, म्हणाला. बहिणीला सांभाळून सांगा आणि मिळेल त्या विमानात बसवा, आम्ही थांबतोय.

मी फोन ठेवला आणि खरं सांगते, विहिणीसाठी डोळ्यांत पाणी आलं. बाई सोन्यासारखी होती. पण दुसऱ्याच क्षणी मला ओल्या दिसली. सून गेली की पाच वर्षं गेली, आणि पाच वर्षं कशाला, हा माझा पोरगा पाच आठवडेसुद्धा काढणार नाही. जाणारी तर गेली होती. तिच्यासाठी मी जित्या माणसाचा संसार मोडू?

घरातल्या सगळ्यांना तोवर गावाकडून कळलेलं. मी एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं की सांगायचा हक्क माझा आहे, वेळ बघून मी सांगेन, तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. रीतच तशी, कोण उघडतंय? मेदेरनं मान खाली घातली आणि घातलेलीच ठेवली. त्या दिवशी नेमका त्याचा वाढदिवस. मी कानिशायच्या डोक्याला माझा लाल रुमाल बांधला आणि म्हटलं, सुतकी तोंड करून काय बसलीस, नाच जरा. ती नाचली, आणि चांगली नाचली. बघणाऱ्यांना टाळ्या वाजवाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी तोक्तोसूनला फोन लावला. सांगितलं की बहिणीला बातमी दिली, पण ती म्हणते माझी इथली जागा जाईल, तुम्ही पुरून टाका. मग तो म्हणाला, बरं. तरी त्यानं आणखी एक दिवस आईला ठेवलं, पोरीचं मन पालटेल म्हणून. हे मला फार नंतर कळलं.

कानिशायला मी सांगितलं की तुझी आई यंदा लवकरच गुरांबरोबर डोंगरातल्या कुरणावर गेली, सप्टेंबरशिवाय उतरायची नाही. तिथं फोन लागत नाही हे पोरासोरांनाही ठाऊक, दरवर्षीचंच ते. भाऊ का फोन करत नाही म्हणून ती कुरकुरायची. मी म्हणायची, भावाला बायको आली की बहीण परकी होते, तू काय नवीन ऐकतेयस? ती हसायची. अडीच महिने असे गेले. मला वाटलं, निभावलं. हिवाळ्यात एखादं पोर पोटात राहील, मग सांगू.

ऑगस्टच्या शेवटी एका रविवारी आम्ही बायका स्वयंपाकघरात मांस भरून उकडायच्या मांतीसाठी पीठ लाटत होतो. कुणाच्या तरी फोनवर गावातल्या लग्नाचा व्हिडिओ आला. सगळ्यांची डोकी एकत्र झाली. नवरी कशी जाड दिसते, मांस कुणाला कमी वाढलं, असल्या गप्पा. कानिशाय सगळ्यांत जास्त हसत होती. आणि मग तिनं व्हिडिओ मागं नेऊन पुन्हा बघितला. पुन्हा मागं नेला.

मीही वाकून बघितलं. पाहुण्यांच्या रांगेत जीपार बसली होती, अंगात जांभळं मखमली जाकीट. कॉलरीवर चांदीच्या तारेची वेल, कानिशायनं आईसाठी स्वतः भरलेली. आमच्या गावात बायकांची प्रेतं धुवायचं काम जीपार करते, आणि मेलेलीचे कपडे धुणारीला देतात. दुसऱ्या कुठल्या वाटेनं ते जाकीट तिच्या अंगावर जाणार नव्हतं. गाढवे, लग्नात घालायला दुसरं काही नव्हतं तुला?

कानिशायनं हाताचं पीठ पुसलं. एकेकीच्या तोंडाकडं बघितलं. कुणी वर बघेना.

"कुठल्या दिवशी, आपा?"

मी सांगितलं. खोटं बोलायला आता जागा नव्हती. ती बोटांवर काहीतरी मोजत होती, मध्येच थांबली. लाल रुमाल आठवला असणार.

मग ती उठली, भिंतीकडं तोंड केलं आणि रडायला लागली, रीतीनं, हेल काढून, आईचं नाव घेत. खालच्या मजल्यावरच्या माणसानं पाइप ठोकला तरी ती थांबली नाही. वडीलधारी म्हणून मी तिला मिठी मारून तिच्याबरोबर रडायला हवं होतं. मी पुढं झाले तर तिनं कोपरानं मला ढकललं. मग भावाला फोन लावला. तो तिला म्हणाला की तूच म्हणालीस ना, पुरून टाका. तेव्हा तिनं फक्त एकदा मान फिरवून माझ्याकडं बघितलं.

चौथ्या दिवशी ती गेली. विमानतळावर पाच वर्षांचा शिक्का घेऊन गेली. मेदेरनं काम आहे म्हणून सोडायलाही जायचं टाळलं. वर्ष सरायच्या आत तो ओल्याकडं राहायला गेला. तिला त्याचं पोर झालंय म्हणतात. माझा फोन तो दोन वर्षं उचलत नाही.

गुडघे गेले तशी मी गावी परतले. कानिशाय आमच्याच घरात आहे, पोरीसाठी. दुसरं लग्न करून ती कुठं नांदायला गेली नाही, भावानंही तिला परत दारात घेतलं नाही. आईला टाकलेली लेक असंच अजून म्हणतो. मी खरं सांगायला गेले होते, तर मलाही त्यानं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. माझा म्हातारा माझ्याशी एक शब्द बोलत नाही. सून मात्र काही कमी करत नाही. सकाळी वाकून सलाम करते, पाय चेपते, मला लागतो तसा पातळ चहा ओतते. कधी उलटून बोलली नाही.

गेल्या आठवड्यात मला ताप चढला. मी घाबरले. तिचा हात धरून म्हटलं, पोरी, तू फोन केलास तर मेदेर उचलेल. मला एकदा त्याचं तोंड दाखव. तिनं माझ्या कपाळावरची ओली पट्टी बदलली आणि शांतपणे म्हणाली, "करीन की, आपा. तुम्ही डोळे मिटले की त्याच घटकेला करीन, कुणाच्या हातात फोन देणार नाही. तंबू ठोकीन. तीन दिवस ठेवीन तुम्हाला. बघू, येतो का."