निकिताच्या दुधाचं फडकं

मित्रांनो, मी एक जुनं फडकं आहे. दूध गाळायचं. फडकं म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे ओटा पुसायचं पोतेरं येतं, हे मला ठाऊक आहे. तो गैरसमज आधी काढून टाका. मी मूळचा धोतराचा. इंझोरीच्या उकंडरावांनी मला बारा वर्षं कमरेला गुंडाळलं, शेतात नेलं, लग्नाच्या पंगतीत बसवलं. धुऊन धुऊन माझं सूत पार मऊ झालं आणि एक दिवस मी काष्ट्याजवळ फाटलो. मग माझी घडी फळीवर गेली, आणि दोन वर्षं कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

उकंडरावांकडे भुरी नावाची म्हैस आहे. अर्ध्या गल्लीला तिच्या दुधाचा रतीब जातो. आणि नेमकी त्यांचीच नात, पाच वर्षांची निकिता, तिला दूध बाधायचं. घोटभर पोटात गेलं की कळा यायच्या, अंगावर लाल गांधी उठायच्या. कारंज्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि निक्षून सांगितलं, हिला दूध नको, दही नको, पेढाही नको, थेंबभरसुद्धा नको. त्याऐवजी दाण्याचं नाहीतर बदामाचं दूध घरी करून द्या. निकिताची आई, म्हणजे उकंडरावांची सून वैभवी, हे सगळं कागदावर लिहूनच घरी आली. बदाम सणावारापुरते होते, भुईमूग मात्र घरच्या वावरातला होता.

पहिल्या दिवशी वैभवीनं वाटीभर दाणे भिजवले, चोळून त्यांची सालं काढली, तीन वाट्या पाणी घालून मिक्सरमधून फिरवले आणि चहाच्या गाळणीनं गाळले. गाळणी बाई मोठ्या तोऱ्यात पुढे आली होती. तिच्यातून दाण्यांचा सगळा रवा खाली उतरला आणि निकितानं पहिला घोट थुंकून टाकला. दुसऱ्या दिवशी जुनी ओढणी घेतली, तर दूध गुलाबी झालं. तिसऱ्या दिवशी वैभवीचा हात फळीवर गेला आणि मी सापडलो.

हातभर तुकडा फाडून तिनं मला मिठाच्या पाण्यात उकळलं आणि उन्हात वाळवलं. साबण लावला नाही, त्याचा वास दुधात उतरतो. मग गंजावर, म्हणजे आमच्याकडच्या पातेल्यावर, मला पसरून माझ्यात वाटलेले दाणे ओतले, चारी टोकं धरून पीळ घातला, आणि खाली पांढरंशुभ्र दूध पडलं. रवा सगळा माझ्यापाशी राहिला. निकितानं ओठावर दुधाची मिशी येईपर्यंत पेला तोंडाला लावला. माझं पिळवटलेलं अंग त्या दिवशी दुखलं नाही, खरं सांगतो.

उरलेला चोथा भाकरीच्या पिठात जायचा. दूध मंद आचेवर ढवळत उकळायचं, गार झालं की बरणीत भरायचं. आधी लोणच्याची बरणी घेतली होती, पण तिचा हिंग काही जाईना. मग मधाची काचेची बरणी आली. ती रोज उकळत्या पाण्यातून निघायची, उपडी वाळायची आणि फ्रिजच्या खालच्या फळीवर बसायची. लाइट गेली की वैभवी तिला पाण्याच्या परातीत ठेवून वरून ओलं गोणपाट गुंडाळायची. दोन दिवसांवर दूध ठेवायचं नाही. बरणीत पाणी खाली आणि दाट वर, असं होतं. म्हणून देताना हलवून द्यायचं. महिनाभरात निकिताचे गाल भरले. मला खिळ्यावर स्वतंत्र जागा मिळाली, आणि मला कुणी दुसऱ्या कामासाठी हात लावायचा नाही असा घरात दंडकच झाला.

हे सगळं उकंडरावांना दिसत होतं, पण पटत नव्हतं. त्यात एक दिवस रतीब घ्यायला आलेला रामधन हसत हसत म्हणाला, गावाला म्हशीचं पाजता आणि घरच्या पोरीला दाण्याचं पाणी. बोलणारा बोलून गेला, पण उकंडरावांच्या ते जिव्हारी लागलं. ज्या माणसानं जन्मभर दुधात पाण्याचा थेंब घातला नाही, त्याला हे ऐकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे धार काढून ते आत आले. वैभवी अंगणात सडा टाकत होती. त्यांनी फ्रिजमधून बरणी काढली, मला खिळ्यावरून काढलं, बरणीच्या तोंडावर धरलं आणि बादलीतलं चमचाभर दूध माझ्यातून गाळून आत सोडलं. मग मला गार पाण्यात बुचकळून परत टांगलं. मला धडकी भरली, पण फडक्याला ओरडता कुठे येतं? उकंडराव आयुष्यात न गाळलेलं दूध कुणाला देत नसत, मग लाडक्या नातीला कसं देतील? दुसऱ्या दिवशी दोन चमचे. आठव्या दिवसापर्यंत अर्धी वाटी झाली.

निकिताच्या अंगावर पुन्हा गांधी उठल्या. पोट धरून ती रडायची. वैभवीनं आधी फ्रिजला दोष दिला, मग बरणीला, मग दाण्यांना बुरशी असेल म्हणून दोन किलो दाणे निवडले. शेवटी तिनं स्वतःच्याच हाताला दोष दिला. तिचा नवरा पवन म्हणाला, पोरीला दाणेही सोसत नसतील, हे दूध उद्यापासून बंद. वैभवी रात्रभर त्याच विचारात होती. हेही बंद झालं तर पोरीनं प्यायचं काय?

सकाळी तरीही सवयीनं ती मला उकळायला घेऊन बसली. रात्री वाळत घातलेलं फडकं ओलं कसं, म्हणून तिनं मला उजेडात धरलं. माझ्या सुतात एक आखूड, जाड, भुरा केस अडकला होता. तिनं तो नखानं ओढून काढला, तळहातावर ठेवला आणि ओसरीवर उकंडरावांपुढे जाऊन उभी राहिली.

"मामाजी," ती सासऱ्यांना शांतपणे म्हणाली, "भुईमुगाले केस नसते."

उकंडरावांनी केसाकडे पाहिलं. खोटं बोलायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

"मीच टाकलं," ते म्हणाले. "पण गाळूनच टाकलं. नवा चारा ढोराले आपण थोडा थोडाच देतो न? म्हटलं, पोरीले बी सवय लागंल."

"लेकरू ढोर नसते, मामाजी. अन् मी माह्या हाताले शिव्या देऊन राह्यली होती."

एवढंच बोलून ती आत गेली. बरणी तिनं मोरीत रिकामी केली. मला मात्र तिनं उकंडरावांच्या मांडीवर आणून ठेवलं. म्हशीचं दूध माझ्या धाग्याधाग्यात गेलं होतं, आता निकिताच्या दुधाला मी चालणार नव्हतो. अशी माझी गोठ्यात रवानगी झाली. वाईट वाटलं, मित्रांनो. राग तर इतका आला की संध्याकाळी उकंडराव धार काढायला बसतील तेव्हा त्यांच्याकडे पाहायचंच नाही, असं मी ठरवलं. पण पोहरादेवीच्या यात्रेसाठी घेतलेलं कोरं धोतर त्यांनी त्याच दुपारी पेटीतून काढलं, त्याचा हातभर तुकडा स्वतः फाडला आणि सुनेच्या हाती दिला. तो राग मग मला टिकवता आला नाही.

गांधी चार दिवसांत गेल्या. खरी पंचाईत पुढेच होती. निकिता आता पेल्याला तोंडच लावेना. दाण्याचं स्वच्छ दूध समोर आलं तरी ओठ घट्ट मिटायची आणि म्हणायची, पोट दुखते. आईनं गोड बोलून पाहिलं, बापानं दटावून पाहिलं. आठवडा गेला, भरलेले गाल पुन्हा बसले.

मग एका सकाळी उकंडरावांनी धारेची बादली बाजूला ठेवली, हात दोनदा धुतले आणि वैभवीकडे दाण्याच्या दुधाचा पेला मागितला. वैभवीनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि दिला. निकिता गोठ्याच्या दारात भुरीला पाहत उभी होती. ते तिच्यासमोर उकिडवे बसले. मी गोठ्यातल्या दोरीवरून सगळं पाहत होतो.

"यात काही टाकलं काय, आबाजी?" निकितानं विचारलं.

उकंडरावांनी पेला दोघांच्या मधे ठेवला. पोरीला त्या आठ दिवसांतलं कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि "नाही" म्हणून त्यांना सुटता आलं असतं.

"आज नाही टाकलं," ते म्हणाले. "पण मांगं टाकलं होतं, माय. म्हशीचं. तुह्या पोटात दुखत होतं ते माह्याच्यानं. तुह्या आईच्यानं नाही. मी चुकलो."

निकितानं त्यांचं तोंड नीट निरखलं. मग पेला त्यांच्याकडे सरकवून म्हणाली, "पहिले तुमी प्या."

उकंडरावांनी तोवर दाण्याचं दूध कधी चाखलंही नव्हतं. ते अर्धा पेला प्यायले. निकितानं थोडा वेळ वाट पाहिली, आबाजींचं पोट दुखतं का म्हणून. नाही दुखलं. तेव्हा तिनं पेला घेतला आणि उरलेलं सगळं पिऊन टाकलं. घराच्या दारात उभी असलेली वैभवी डोळे पुसत आत वळली.

मी आता भुरीचं दूध गाळतो. काम तेच आहे, मान थोडा कमी. तुमच्याकडे माझं मागणं फार नाही. आम्हा फडक्यांना रोज धुवा, उन्हात वाळवा, एकाचं काम दुसऱ्याला लावू नका. आणि कुणाच्या पेल्यात मायेनं काही घालायचं मनात आलं, तर आधी त्याला विचारा. आमच्या उकंडरावांनी विचारलं नाही, म्हणून त्यांना पाच वर्षांच्या पोरीसमोर उकिडवं बसावं लागलं. ते बसले, म्हणून ती प्यायली.